अर्धा टक्का आणि आठ टक्के : आडवाटेच्या आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांतील रेट्रोव्हायरस

मध्य ब्राझीलमधील किलोंबो वस्त्यांत १,८३७ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांत एचटीएलव्ही-१ या विषाणूचा संसर्ग झालेले ९ जण आढळले, म्हणजे साधारण अर्धा टक्का. तिथून बरेच उत्तरेला, फ्रेंच गयानातील बुशिनेंगे समाजात अशीच तपासणी झाली, तेव्हा सोळाशेहून अधिक लोकांत हेच प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत तर ते ४० टक्क्यांपर्यंत पोहोचले. दोन्ही समाज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज आहेत, दोन्ही समाज मळ्यांतून आणि खाणींतून निसटून जंगलात, डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला जाऊन राहिले, आणि दोन्हीकडे आरोग्यसेवा उशिरा पोहोचली. तरीही दोन आकड्यांत सोळा पटींचे अंतर आहे. हे अंतर कशामुळे पडते ते नीट समजून घेतले, की असे आकडे कसे वाचावेत आणि कसे वाचू नयेत, हेही कळते.

ब्राझीलने २०२४ मध्ये एचटीएलव्हीचा संसर्ग सरकारकडे सक्तीने नोंदवण्याच्या आजारांच्या यादीत घेतला, तेव्हापासून या विषाणूचे नाव पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येऊ लागले आहे. एचआयव्ही सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधी सापडलेला हा विषाणू मात्र फार थोड्यांना माहीत असतो.

रेट्रोव्हायरस म्हणजे काय?

आपल्या पेशींतील सगळी माहिती डीएनएत साठवलेली असते आणि गरजेप्रमाणे तिची आरएनएच्या रूपात नक्कल काढून पेशी आपले काम करते. काही विषाणूंची माहिती मात्र मुळातच आरएनएत असते. पेशीत शिरल्यावर ते उलट्या दिशेने, म्हणजे आरएनएवरून डीएनए तयार करतात आणि तो पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतात. या उलट्या वाटचालीमुळे त्यांना रेट्रोव्हायरस म्हणतात. ती घडवून आणणारे विकर (एन्झाइम) १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले आणि त्याबद्दल १९७५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जमिनीच्या सातबाऱ्यावर एकदा कोणाचे नाव चढले, की पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या तरी प्रत्येक वारसाच्या उताऱ्यावर ती नोंद उतरत जाते. रेट्रोव्हायरसचेही असेच होते. पेशीच्या डीएनएत त्याची नोंद झाली, की ती पेशी विभागून जितक्या पेशी होतील, त्या प्रत्येकीत ती नोंद असते. ती पुसून टाकणारे औषध रोजच्या वापरात आजही आलेले नाही, आणि म्हणून हा संसर्ग जन्मभराचा ठरतो.

माणसात आढळणारा पहिला रेट्रोव्हायरस म्हणजे एचटीएलव्ही-१. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचा भाऊबंद एचटीएलव्ही-२ हा १९८२ मध्ये आणि एचआयव्ही १९८३ मध्ये सापडला. एचटीएलव्ही-१ आणि एचआयव्ही या दोघांचेही मुख्य लक्ष्य रक्तातील टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी, हेच आहे. पण दोघांची रीत वेगळी. एचआयव्ही स्वतःच्या असंख्य प्रती काढतो, त्या काढताना सतत बदलत जातो आणि टी-पेशी नष्ट करतो. एचटीएलव्ही-१ पेशीला मारत नाही. तो तिला विभागायला लावतो आणि तिच्याबरोबर स्वतःही वाढतो. त्यामुळे त्याच्या रचनेत शतकानुशतके फारच थोडे बदल होतात. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

संसर्ग झाला म्हणजे आजार झाला का?

नाही, आणि इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. एचटीएलव्ही-१ ज्यांच्या शरीरात आहे, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना या विषाणूमुळे होणारा कोणताही गंभीर आजार आयुष्यभर होत नाही. उरलेल्यांत दोन आजार मुख्य आहेत. पहिला म्हणजे टी-पेशींचा रक्ताचा कर्करोग. तो बहुधा बालपणी संसर्ग झालेल्यांना अनेक दशकांनी गाठतो, आणि त्याचे उग्र प्रकार झाल्यास रुग्ण अनेकदा वर्षभरही काढत नाही. दुसरा आजार मज्जारज्जूचा. त्यात पाय हळूहळू जड आणि ताठ होतात, कंबर दुखते, लघवीवरचा ताबा सुटतो, चालताना आधी काठी लागते आणि काही वर्षांनी चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही.

हा मज्जारज्जूचा आजार कॅरिबियन बेटांवर आणि कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर डॉक्टरांनी विषाणूचा पत्ता लागण्यापूर्वीच पाहिला होता. जमैकात १९५६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन झाले, पण कारण कळेना. कुपोषण, कसावा या कंदातील विष, सिफिलिस असे तर्क चालले होते. कोलंबियातील तुमाको या बंदरात, जिथली वस्ती प्रामुख्याने आफ्रिकी वंशाची आहे, लाखामागे शंभरच्या आसपास लोक या आजाराने अपंग झालेले आढळले. अखेर १९८५ मध्ये अंत्वान जेसँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधील मार्तिनिक बेटावरील रुग्णांच्या रक्तात एचटीएलव्ही-१विरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या विषाणूला तोंड देण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने, दाखवून दिली, आणि पुढच्याच वर्षी जपानमधूनही तसाच आजार नोंदला गेला.

हा विषाणू पसरतो तो मुख्यतः जिवंत पेशींच्या मार्फत. त्यामुळे त्याच्या वाटा मोजक्याच आहेत : बाधित आईच्या अंगावरचे दूध, लैंगिक संबंध, रक्त देणे-घेणे आणि एकच सुई अनेकांनी वापरणे. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही.

या वस्त्या कशा वसल्या?

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून उतरवली गेली. जे पळून जाण्यात यशस्वी झाले, त्यांनी दुर्गम भागात स्वतःच्या वस्त्या वसवल्या. त्यांना किलोंबो म्हणतात. गोयास राज्यातील कालुंगा ही अशा वस्त्यांपैकी एक मोठी वस्ती, अठराव्या शतकात तिथल्या सोन्याच्या खाणींतून निसटलेल्या लोकांनी डोंगरदऱ्यांत उभी केलेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, आणि किलोंबोंचा जमिनीवरचा हक्क घटनेत आला तो त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये. २०२२ च्या जनगणनेत किलोंबो समाजाची प्रथमच वेगळी मोजणी झाली आणि ही संख्या १३ लाखांच्या वर असल्याचे दिसले.

बुशिनेंगे हे डच सुरिनाममधील ऊसमळ्यांतून पळालेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यातील न्जुका गटाने १७६० मध्ये डच सत्तेला तह करायला लावून स्वतःचे स्वातंत्र्य मान्य करून घेतले. आलुकू गट फ्रेंच हद्दीत, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या मारोनी नदीच्या वरच्या भागात स्थिरावला. तिथल्या मारिपासूला या गावी आजही राजधानी कायेनहून जायचे तर विमान किंवा नदीतली होडी, एवढेच दोन मार्ग आहेत.

हे प्रमाण मोजतात तरी कसे?

विषाणूचा माग प्रतिपिंडांवरून काढतात. दंडातून काढलेले थोडेसे रक्त नळीत बसू दिले, की वर पिवळसर द्रव राहतो. तो थंड ठेवून होडीने, मग गाडीने किंवा विमानाने प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे ९६ छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीवर प्रत्येकाचा थेंबभर द्रव घालतात. ज्या खळग्यात प्रतिपिंडे असतील, तिथे रंग चढतो. ही झाली एलायझा चाचणी. रंग चढलेल्यांचे नमुने मग दुसऱ्या, अधिक नेमक्या चाचणीने पुन्हा तपासतात.

ही दुसरी चाचणी अनिवार्य का आहे, ते एका हिशेबावरून कळेल. समजा, एलायझा हजारात केवळ ५ निरोगी माणसांना चुकून बाधित ठरवते. हजार वस्तीच्या गावात खरे बाधित ५ असतील, तर १० खळगे रंगतील आणि त्यांतले निम्मे खोटे असतील. त्याच गावात खरे बाधित ८० असते, तर ८५ खळगे रंगले असते आणि खोट्यांचे प्रमाण नगण्य राहिले असते. म्हणजे जिथे संसर्ग विरळ, तिथे एकट्या एलायझावर विसंबल्यास प्रमाण दुप्पट दिसते आणि निरोगी माणसाच्या माथी जन्मभराचा संसर्ग मारला जातो. मध्य आफ्रिकेत मलेरियाग्रस्त भागांत अशा अर्धवट, निर्णय न देणाऱ्या चाचण्या मोठ्या संख्येने निघाल्या होत्या, आणि जुन्या सर्वेक्षणांतील काही आकडे अशा चाचण्यांमुळे फुगलेले होते. मध्य ब्राझीलमधील ९ जणांचा संसर्ग पुढच्या चाचण्यांनी पक्का केला गेला होता, म्हणून त्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

तरीही १,८३७ जणांत ९ हा आकडा लहानच आहे. संख्याशास्त्राच्या नियमाने खरे प्रमाण ०.२ ते १ टक्क्याच्या दरम्यान कुठेही असू शकते. शिवाय हा संसर्ग कुटुंबाकुटुंबांत एकवटलेला असतो. एखादे मोठे बाधित कुटुंब त्या दिवशी शेतावर गेले असेल, तर त्यातले पाच जण सुटतात. ते हजर असते तर अर्ध्या टक्क्याचा पाऊण टक्का झाला असता. म्हणून लहान वस्तीचा आकडा वाचताना किती लोक तपासले, कोणत्या वयाचे तपासले आणि त्यात स्त्रिया किती होत्या, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग एकीकडे अर्धा आणि दुसरीकडे आठ का?

पहिले कारण सुरुवातीच्या माणसांचे. निसटून जंगलात गेलेले गट लहान असत. अशा एखाद्या गटातील मोजक्या स्त्रियांत दोघीतिघी बाधित असतील, तर पुढची सगळी वस्ती त्यांच्याच लेकी-नातींची होते आणि प्रमाण वर जाते. एकही बाधित नसेल, तर शेकडो वर्षांनीही वस्ती जवळपास मोकळी राहते. कोणत्या गटाच्या वाट्याला काय आले, हा निव्वळ योगायोगाचा भाग होता.

दुसरे कारण बाहेरच्यांशी सोयरीक किती झाली याचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच गयानातील या समाजाचे, आईकडून येणारे आणि बापाकडून येणारे असे दोन्ही आनुवंशिक धागे तपासले गेले, तेव्हा ते जवळजवळ पूर्णपणे आफ्रिकी निघाले. अमेरिका खंडातल्या आफ्रिकी वंशाच्या फार थोड्या समाजांत असे दिसते. त्याच अभ्यासात विषाणूचीही रचना तपासली गेली. हा विषाणू पेशीच्या विभाजनाबरोबरच वाढत असल्यामुळे फारसा बदलत नाही, हे वर आलेच आहे. त्यामुळे आज मारोनीकाठच्या आजीच्या रक्तातील विषाणू पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील विषाणूशी ताडून पाहता येतो आणि त्यांचे नाते लागते. ज्या माणसांची मूळ नावे आणि गावे गुलामांच्या जहाजांवर हिरावून घेतली गेली, त्यांच्या प्रवासाचा हा पुरावा त्यांच्या शरीरात टिकून राहिला आहे. मध्य ब्राझीलमध्ये किलोंबोंचा आसपासच्या समाजांशी संबंध तुलनेने अधिक आला, आणि बाहेरचे लोक मिसळत गेले की असा संसर्ग विरळ होत जातो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते आजही चालू आहे. फ्रेंच गयानात ८१ बाधित मातांच्या २१६ मुलांची तपासणी झाली. त्यांपैकी २१ मुले बाधित निघाली, म्हणजे दहातले एक. आता गणित करून पाहा. एखाद्या बाधित बाईला सहा मुले, त्यांतल्या तीन मुली. दहात एक या हिशेबाने तीन मुलींत सरासरी एकही पुरती बाधित होत नाही. केवळ आईच्या दुधावर हा विषाणू अवलंबून असता, तर काही पिढ्यांत तो आपोआप नाहीसा झाला असता. तो टिकतो, कारण दुधाच्या जोडीला नवरा-बायकोतील संसर्ग आहे, आणि त्यात पुरुषाकडून स्त्रीला होण्याचा धोका अधिक आहे. बालपणी सुटलेली मुलगी लग्नानंतर बाधित होते आणि मग तिच्याकडून साखळी पुढे जाते. स्त्रियांत वयाबरोबर प्रमाण चढत जाते आणि पन्नाशीनंतर ते इतके उंच दिसते, याचे एक कारण हेच. दुसरे कारण असे, की आजच्या आजीबाई ज्या काळात वाढल्या, त्या काळातील संसर्गाचे प्रमाणच कदाचित अधिक होते.

म्हणजे हा आफ्रिकी वंशाचा आजार आहे का?

नाही. जगात एचटीएलव्ही-१ चे मोठे केंद्र असलेला एक देश जपान आहे; तिथे नैऋत्येकडील क्यूशू आणि ओकिनावा भागांत तो पूर्वापार आहे. इराणमधील मशहद शहराभोवती तो आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील काही दुर्गम आदिवासी वस्त्यांत तर प्रौढांतील प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेल्याचे नोंदले गेले आहे, आणि त्या लोकांचा अटलांटिकच्या गुलामव्यापाराशी काहीही संबंध नाही. उलट आफ्रिकी वंशाचेच मोठमोठे समाज असे आहेत, की ज्यांच्यात तो क्वचित सापडतो. अशा अनेक ठिकाणी समान दिसतो तो इतिहास : मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला, बराच काळ एकटा राहिलेला समाज. वंशाला दोष देणाऱ्यांनी मध्य ब्राझीलचा अर्धा टक्का लक्षात घ्यावा. त्याच देशातील साल्वादोर या महानगरात, जिथे आफ्रिकी वंशाचे लोक बहुसंख्य आहेत, हेच प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आसपास निघाले होते. म्हणजे दुर्गम वस्तीपेक्षा शहरात अधिक.

आपल्याकडील वाचकाच्या मनात जंजिऱ्याचे, गुजरातचे आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी येतील. त्यांचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागरामार्गे आले, त्यांची वाट आणि त्यांचा काळ वेगळा. मारोनीकाठचे आकडे त्यांना चिकटवणे चूक ठरेल.

आणि एचआयव्ही?

दोघे एकाच कुळातले असले, तरी एक कमी-जास्त असल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. एचटीएलव्ही-१ हा त्या वस्त्यांबरोबर आलेला जुना सोबती आहे. एचआयव्ही गेल्या काही दशकांत रस्ते, सोन्याचे बेकायदा खोदकाम आणि स्थलांतर यांच्या वाटेने आत शिरतो. एकाकीपणा जुन्या विषाणूला टिकवून धरतो आणि नव्याला काही काळ बाहेर ठेवतो; पण नवा एकदा आत आला, की दवाखाना दूर असल्यामुळे निदान उशिरा होते. एचआयव्हीवर मात्र प्रभावी औषधे आहेत आणि ती घेणारा माणूस दीर्घायुष्य जगतो. एचटीएलव्ही-१ साठी तशी औषधे नाहीत.

औषधच नाही, तर तपासायचे कशाला?

हा आक्षेप सरकारी बैठकांतही घेतला जातो आणि त्याचे उत्तर जपानच्या नागासाकीने दिले आहे. तिथे १९८७ पासून गर्भवती स्त्रियांची तपासणी सुरू झाली आणि बाधित मातांना बाळाला वरचे दूध देण्याचा सल्ला दिला गेला. अंगावर पाजलेल्या बाळांत संसर्गाचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. वरच्या दुधावर वाढलेल्यांत ते अडीच टक्क्यांवर आले. औषधाशिवाय मिळालेले हे यश आहे. त्याखेरीज रक्तपेढीतील तपासणीने रक्ताची वाट बंद होते. जपानने ती १९८६ मध्ये आणि ब्राझीलने १९९३ मध्ये सक्तीची केली. भारतात दात्याच्या रक्ताची सक्तीची तपासणी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्यासाठी होते; एचटीएलव्ही त्या यादीत नाही. निदान माहीत असल्याचा आणखी एक उपयोग होतो. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक आतड्यातला जंत या विषाणूच्या रुग्णांत सर्व शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो; अशा माणसाला स्टेरॉइड देण्यापूर्वी जंताचे औषध देणे डॉक्टरला सुचते ते निदान हाताशी असेल तरच.

परंतु नागासाकीचा सल्ला जंगलातल्या गावात जसाच्या तसा लागू करता येत नाही. जिथे पिण्याचे पाणी नदीचे आणि दुधाची पावडर होडीने येते, तिथे वरच्या दुधावरचे बाळ विषाणूपासून वाचेल, पण जुलाबाने दगावू शकते. एक बाजू अनेक दशकांनी, शंभरातल्या मोजक्यांना होणाऱ्या आजाराची, आणि दुसरी बाजू पहिल्याच वर्षी, पहिल्याच पावसाळ्यात येणाऱ्या धोक्याची. मधला मार्ग आहे तो स्तनपानाचा काळ मर्यादित ठेवण्याचा, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळात ओसरल्यानंतर, म्हणजे साधारण सहा महिन्यांपुढे, पाजत राहिल्यास धोका वाढत जातो. पण तोही निर्णय त्या घरातील पाणी, पैसा आणि जवळचा दवाखाना पाहून, त्या आईशी बोलूनच व्हायला हवा. गावात बाई बाळाला पाजत नाही हे चार जणींच्या लगेच लक्षात येते आणि तिच्या आजाराची चर्चा होते, म्हणून निदान गुप्त ठेवण्याची हमी नसेल, तर बायका तपासणीलाच येणार नाहीत.

ब्राझीलच्या नव्या नोंदणीत बाधित गर्भवती, बाळंतीण आणि तिचे बाळ यांची वेगवेगळी नोंद करायची आहे. किलोंबोंसाठी तिचा उपयोग व्हायचा असेल, तर आधी गर्भवतीचा नमुना थंड अवस्थेत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, दुसऱ्या चाचणीचा निकाल ती बाळंत होण्यापूर्वी परत आला पाहिजे, आणि दूध थांबवण्याचा सल्ला देणाऱ्या परिचारिकेच्या हाती पावडरचे डबे आणि पाणी शुद्ध करण्याची सोय त्याच दिवशी असली पाहिजे.